परसातली चूल आणि पागोळ्यांचे पाणी

मिरगाच्या आधी परसात चुलीवर छप्पर घालायचे बेत घरोघर चालू होतात. पाणी तापवायला, भात उकडायला, फणसाच्या आठळ्या भाजायला अशी जागा हवीच. धूरही घराबाहेर राहतो. पण चार मेढी पुरण्याआधी एक गोष्ट बघा : त्या जागी पावसाचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते?

मी कोकणातल्या कौलारू घरांबद्दल बोलतो आहे. आमच्याच घरची गोष्ट सांगतो. मागल्या भिंतीपासून हातभर जागा सोडून आम्ही पत्र्याची शेड घातली. घराची वळचण खाली. बाहेरच्या बाजूला डोके आपटू नये म्हणून गवंड्याने पत्र्याचा उतार घराकडे दिला. त्याचे कारणही खोटे नव्हते. पण घराच्या पागोळ्या आणि शेडीच्या पागोळ्या, दोन्ही त्या हातभर पट्ट्यात पडू लागल्या. गणपती येईतो मातीची भिंत गुडघाभर ओली झाली होती. भिंतीच्या आत भाताची कणगी होती, तिला बुरशी लागली. वर्षाचे पोटचे अन्न हो ते!

आता हिशेब करू. गुरुजींनी हा फळ्यावर जरूर घालावा. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १ लिटर पाणी. छपराने झाकलेली जमीन मोजायची, उतरती कौले मोजायची नाहीत. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद शेड म्हणजे १२ चौरस मीटर. दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस कोकणात काही नवलाचा नाही. त्या दिवशी शेडीवरून १,२०० लिटर पाणी उतरणार. घराची मागली पाख १० मीटर लांब, ४ मीटर रुंद धरली, तर तिचे ४,००० लिटर. १५ लिटरची घागर धरा. जवळजवळ साडेतीनशे घागरी भिंतीच्या पायाशी ओतल्यासारखे झाले!

म्हणून शेड घरापासून निदान चार हात लांब घ्यावी आणि तिचा उतार घराकडे मुळीच नसावा. मधल्या पट्ट्यात वळचणीच्या पागोळ्या पडतात, बरोबर त्या रेषेखाली जांभ्याचे किंवा दगडाचे गटार बांधावे. भिंतीपासून गटारापर्यंतची जमीनही बाहेर उतरती हवी : दर फुटाला अर्धा इंच तरी. जागा कमी असली, तर वळचणीला पन्हळ लावून पाणी कडेला न्यावे. पन्हळीला दहा फुटांत एक इंच उतार पुरे, पण पानगळ साचते, ती काढत राहावी लागते. पोफळीची पन्हळ असो की प्लास्टिकची, तुंबली की दोन्ही सारखीच.

चुलीचे जोते भोवतालच्या जमिनीहून वीतभर तरी उंच घ्या. जमीन ओली राहिली की चूल आणि लाकडे दोन्ही दमट होतात, आणि मग धुराने घरच्या बाईचे डोळे जातात. गवंड्याशी बोलताना तिला पुढे बसवा. वारा कुठून झड आणतो हे तिलाच ठाऊक असते.

गटाराचे तोंड विहिरीकडे नको, शेजाऱ्याच्या आवाराकडे तर नकोच. भांडी घासल्याचे पाणी या गटारात सोडू नका. खरकटे अडकते आणि डास होतात. ते वेगळे काढून अळूला, केळीला द्यावे. पावसाचे पाणी शोषखड्ड्यात घालायचे असेल, तर खड्डा घराच्या पायापासून दहा फूट तरी दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा.

शाळेत पोषण आहाराची शेड घालताना हेच सारे लागू आहे. तिथे तांदळाची पोती भिंतीला टेकून ठेवलेली असतात.

शेड आधीच झाली असेल, तर पहिल्या मोठ्या सरीत इरले घेऊन, नाहीतर छत्री घेऊन, पाच मिनिटे परसात उभे राहा. पाणी साचेल तिथे एक खुंटी मारा. पाऊस उघडला की खणायला तिथूनच सुरुवात करायची.