सलाईन हवे, पण बेताने

अब्बांना किंवा खालाला दवाखान्यात दाखल केले की आपण आधी विचारतो, ‘सलाईन लावले का?’ एक बाटली संपत आली की दुसरीसाठी घाई करतो. जितक्या बाटल्या तितका लवकर आराम, हा आपला समज. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात तो अंगाशी येऊ शकतो.

हा आजार बहुधा पित्ताशयातल्या खड्यांमुळे किंवा दारूमुळे होतो. पोटात वरच्या बाजूला असह्य कळ येते, ती पाठीपर्यंत जाते. सुजेमुळे रक्तवाहिन्यांतले पाणी बाहेर झिरपते, रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडांवर ताण येतो. म्हणून सलाईन लागतेच.

पण किती? भारतासह चार देशांतल्या २४९ रुग्णांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. भराभर सलाईन दिलेल्यांपैकी २०.५ टक्के रुग्णांच्या शरीरात पाणी जास्त झाले. बेताने दिलेल्यांत हे प्रमाण ६.३ टक्के होते. जादा सलाईनचा फायदा दिसला नाही. अभ्यास मध्येच थांबवावा लागला.

तेव्हा सलाईनचा वेग आपण स्वतः वाढवू नये. लघवी किती झाली याकडे लक्ष ठेवावे. रुग्णाला धाप लागली किंवा अंगावर सूज दिसली, तर नर्सला तत्काळ सांगावे.