ओबेसिदादे की ओबेझिदाद?

स्पेनच्या वायव्येकडचा गालिसिया आणि त्याला लागून असलेला पोर्तुगाल इथे लठ्ठपणाचा शब्द लिहितात एकसारखाच, उच्चारतात वेगळा. गालिसियन माणूस ‘ओबेसिदादे’ म्हणतो. पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांमधला ‘स’ ‘झ’ होतो आणि लिस्बनकर शेवटचा स्वर जवळजवळ गिळतात, म्हणून ‘ओबेझिदाद’. रिओमध्ये ‘ओबेझिदाजी’ ऐकू येतं.

मूळ लॅटिन ‘ओबेसुस’. त्यातला धातू खाण्याचा. मला नवल वाटतं ते याचं, की लॅटिनमध्ये या शब्दाला ‘खंगलेला’ असाही अर्थ होता, कुणीतरी खाऊन टाकल्यासारखा. टिकला तो खाऊन फुगलेल्याचा.

बोलताना लठ्ठ माणसाला गालिसियात ‘गोर्दो’, पोर्तुगालमध्ये ‘गोर्दु’ म्हणतात. तो शब्द मनाला लागू शकतो. ‘ओबेसिदादे’ मात्र वैद्यकातलं नाव आहे: प्रौढांचा बीएमआय 30 किंवा त्याहून जास्त असला, की डॉक्टर ते लिहितात.