कागदावरची आगगाडी

बालहट्टापुढे भल्याभल्यांनी हात टेकले आहेत. मग मराठी शिकविणाऱ्या एका प्राध्यापिकेची काय कथा! आमचे चिरंजीव दहा वर्षांचे. मे महिन्याच्या सुटीत त्यांना पुण्यातील जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय दाखविले, तिथेच माझे चुकले. १९९८ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या त्या चिमुकल्या दुनियेत सिग्नल पडतात, गाड्या सुटतात, धावतात, थांबतात. घरी परतताच चिरंजीवांनी जाहीर केले, "आई, यंदा दिवाळीला फटाके नकोत. आपण घरात रेल्वे करू या!"

"फटाके नकोत" एवढेच मी ऐकले आणि आनंदाने होकार देऊन बसले.

दुसऱ्या दिवशी आराखडा तयार! दिवाणावर मावेल असा ६ फूट लांब, ३ फूट रुंद तक्ता; त्यावर दुहेरी लोहमार्ग, एक घाट, खालच्या गाडीला ओलांडणारा पूल, चार फलाटांचे स्टेशन आणि सोळा डब्यांची डेक्कन क्वीन. चित्र इतके देखणे होते, की ह्यांनी लगेच रुळांच्या आणि इंजिनांच्या किमती पाहिल्या. पाहिल्या आणि चष्मा काढून पुसला. तरीही बोनसचा हिशेब मांडून "मागवू या" म्हणाले.

कोपऱ्यातल्या खुर्चीत माझे वडील, अण्णा, वर्तमानपत्र वाचीत बसले होते. रेल्वेच्या यार्डांत गाड्या जोडण्यात आणि तोडण्यात ज्यांची चौतीस वर्षे गेली, असे गृहस्थ. त्यांनी तो कागद दूर धरला, जवळ धरला आणि विचारले, "बाळ, चित्र झकास आहे. पण यातली गाडी वळणार कशी?"

नातवाला प्रश्नच कळला नाही. खरे सांगायचे तर मलाही नाही.

अण्णांनी चौकटींचा कागद आणि कंपास मागविला. एका फुटाला एक इंच असे प्रमाण धरले. आता ३ फुटांचा तक्ता कागदावर ३ इंचांचा झाला. बाजारात सर्रास मिळणारी छोटी रेल्वे खरीच्या १/८७ असते. तिला एचओ म्हणतात. तिच्या दोन रुळांतले अंतर साडेसोळा मिलिमीटर. तिच्यासाठी १८ इंच त्रिज्येचे वळण म्हणजे आवळच. लांब डब्यांना तेही जड जाते. अण्णांनी कंपास दीड इंचावर ठेवून वर्तुळ काढले. ते तक्त्याच्या दोन्ही कडांना जाऊन टेकले! एकेरी मार्गाची ही गत. बाहेरचा दुसरा मार्ग हवेतूनच न्यावा लागणार.

"हातानं काढलेली रेघ म्हणशील तशी वळते," अण्णा म्हणाले. "रूळ नाही वळत."

अमेरिकेतील जॉन आर्मस्ट्राँग यांनी १९६३ साली याच विषयावर पुस्तक लिहिले. त्यांची युक्ती सोपी आहे. वळणाच्या त्रिज्येत दोन मार्गांमधल्या अंतराची दुप्पट मिळवायची आणि तेवढ्या बाजूचे चौकोन जागेवर आखायचे. किती वळणे मावतील ते चौकोनच सांगतात. आमचा चौकोन २२ इंचांचा निघाला. गाडी फिरून परत यायला रुंदीत असे दोन लागतात, आणि तक्ता होता ३६ इंचांचा!

मग पाळी आली सांध्यांची. एका मार्गातून दुसरा मार्ग फुटतो, तो सांधा. चिरंजीवांनी तो झाडाला फांदी फुटावी तसा काढला होता. खऱ्या रेल्वेत मुख्य मार्गावरचा सांधा १२ फुटांना १ फूट आणि यार्डातला साडेआठ फुटांना १ फूट, अशा बेताने फुटतो. छोट्या रेल्वेतला आखूड सांधाही नऊएक इंच जागा खातो. चार फलाटांना दोन्ही टोकांचे मिळून सहा सांधे. ते मांडून होईतो ६ फुटांपैकी साडेचार फूट संपले.

घाटाचे तेच. खालच्या गाडीच्या डोक्यावरून जायचे, तर मार्ग निदान ३ इंच चढायला हवा. बोरघाटातला चढ ३७ फुटांना १ फूट. त्या हिशेबाने ३ इंचांसाठी १११ इंच, म्हणजे सव्वानऊ फूट लागतात, उतरायलाही तेवढेच. आणि डेक्कन क्वीन? साडेतेवीस मीटरच्या डब्याला ८७ ने भागले की २७ सेंटिमीटर. सोळा डबे म्हणजे इंजिन सोडून १४ फूट. आमचा दिवाणखाना १२ फुटांचा!

चिरंजीवांचे डोळे भरून आले. आणि मला माझे आठवे वर्ष आठवले.

आम्ही तेव्हा एका जंक्शनच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहत होतो. मैत्रिणीकडे चावीची आगगाडी आली होती; मलाही तशीच हवी होती. अण्णांनी आज आणू, उद्या आणू करीत एके दिवशी आणला तो एक कागद. त्यावर रेघा आणि सोबत पुठ्ठ्याचे आठ तुकडे. "ही बघ तुझी गाडी," ते म्हणाले. मी तो कागद तुकड्यांसकट बंबात घातला. अण्णा काही बोलले नाहीत. मीही ते कधी विसरले नाही. कागदावर पोरीची समजूत काढणारा बाप म्हणून माझ्या मनात एक अढी राहिली ती राहिलीच.

इकडे अण्णा नातवाला सांगत होते, "१८६३ साली बोरघाट झाला, तेव्हा एके ठिकाणी गाडी वळवायला जागाच नव्हती. मग काय डोंगर रुंद केला? गाडी एका टोकाला न्यायची, इंजिन काढून दुसऱ्या बाजूला लावायचं आणि उलट्या दिशेनं पुढं निघायचं. १९२९ पर्यंत असंच चाललं. गोल फिरायलाच हवं असं कुणी सांगितलंय? आधी ठरव, तुझ्या गाडीला काम काय?"

त्यांनी नवा कागद घेतला. तीन मार्ग: एक पाच वाघिणींचा, दोन तीन-तीन वाघिणींचे. सांधे फक्त दोन. दुसऱ्या टोकाला इंजिन आणि तीन वाघिणी उभ्या राहतील एवढाच तुकडा. वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकून पाच काढायच्या आणि निघतील त्याच क्रमाने लांब मार्गावर जोडायच्या. इंग्लंडमधील अ‍ॅलन राइट या छांदिष्टाची ही रचना. अण्णांना ती रेल्वे इन्स्टिट्यूटच्या वाचनालयातल्या एका इंग्रजी मासिकात सापडली होती. पाच वाघिणींच्या एकूण ६,७२० वेगवेगळ्या रांगा लागू शकतात. जागा लागते ती पाचएक फूट लांब आणि फूटभर रुंद फळीची.

अण्णा पुठ्ठ्याचे आठ तुकडे कापू लागले, आणि मी जागच्या जागी थिजले. बंबात घातलेला कागद तो हाच!

त्या रात्री जेवणे साडेदहाला झाली. आजोबा-नातू जमिनीवर पालथे पडून पुठ्ठ्याच्या वाघिणी ढकलीत होते. "आजोबा, चौथी अडकली!" "मग तिसऱ्या लायनीत टाक की तिला!" शेवटी पाचही वाघिणी रांगेत लागल्या, तेव्हा चिरंजीव असे ओरडले, की शेजारच्या काकू विचारायला आल्या.

सारे निजल्यावर मी विचारले, "अण्णा, तेव्हा मला हे का नाही सांगितलंत?"

"सांगायलाच बसलो होतो गं," ते म्हणाले. "तू बंबाकडे पळालीस." मग थोडे थांबून म्हणाले, "आणि पैसेही नव्हते, हे आहेच."

यंदा पुस्तकांच्या कपाटावर फळी बसली आहे. एक इंजिन आणि आठ वाघिणी. बोनस शिल्लक राहिला. तुमच्या घरीही असा हट्ट निघाला, तर दुकानाआधी चौकटींचा कागद आणा, एवढेच सांगते. अण्णांनी काढलेला तो कागद मी कपाटात कुलुपात ठेवला आहे. बंब काही आता आमच्या घरात नाही, पण असो.