मुलाला गल्ल्यावर बसवावे की बी.बी.ए.ला घालावे?

बारावीचा निकाल लागला की व्यापारी व कारागीर घरांत एकच वाद सुरू होतो. मुलगा म्हणतो, पुढे शिकतो. वडील म्हणतात, शिकून शेवटी गल्ल्यावरच बसायचे, मग तीन वर्षे वाया का घालवायची? आम्हाला वाटते, हा वाद हिशेब मांडूनच मिटवावा.

समजा, एक कारागीर महिन्याला चामड्याच्या १०० बॅगा बनवतो. कातडे, अस्तर, चेन आणि मजुरी धरून एका बॅगेला ५५० रुपये पडतात. विक्री ६५० ला. नगामागे १०० रुपये सुटले, असे तो मानतो. पण ३ बॅगा खराब निघाल्या, तर ९७ बॅगांचे ६३,०५० रुपये येतात आणि खर्च झालेला असतो ५५,०००. गाळ्याचे भाडे व वीजबिल मिळून ६,००० गेले की उरतात २,०५०. यात मालकाची स्वतःची मजुरीही निघत नाही. शिवाय गिऱ्हाइकाने पैसे तीन महिन्यांनी दिले, तर पुढचे कातडे उधारीवर, चढ्या भावाने घ्यावे लागते. काम भरपूर, पण बरकत नाही, याचे कारण पुष्कळदा येथे असते.

व्यवस्थापनाच्या अभ्यासात हेच शिकवतात: मालाचा खरा खर्च काढणे, खेळते भांडवल सांभाळणे, बाजार ओळखणे, माणसांकडून काम करून घेणे, कर आणि कायदा. उद्यम नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

बारावीनंतर बी.बी.ए. किंवा बी.एम.एस. करता येते. महाराष्ट्रात २०२४ पासून या प्रवेशासाठी राज्याची सीईटी सुरू झाली आहे. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर एम.बी.ए. करता येते, त्यासाठी राज्याची वेगळी सीईटी आहे, आणि आय.आय.एम.साठी कॅट. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ पासून हे शिक्षण देत आहे. ज्यांना दुकान सोडता येत नाही, त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू आहेत.

नोकऱ्या बँक, विमा, विक्री, गोदाम व मालवाहतूक, निर्यात अशा अनेक क्षेत्रांत आहेत. मात्र पदवी हाती येताच मॅनेजरची खुर्ची मिळत नाही. सुरुवात बहुधा विक्रीच्या फिरतीने किंवा टेबलावरच्या कामाने होते.

फी भरण्यापूर्वी अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, ते पाहा. मागील वर्षीची मुले कोठे कामाला लागली, हे त्या मुलांनाच विचारा. आणि हा विचार मुलीसाठीही करा. घरचा हिशेब अनेकदा तीच नीट ठेवते.

शिकून मुलगा गल्ल्यावर बसला तर शिक्षण फुकट गेले, असे आम्ही मानत नाही. तो वहीतली गळती शोधू शकला, तर तीन वर्षे वसूल झाली.