टाकीत उरलेलं पेट्रोल

पहिला जोराचा पाऊस होऊन तीन-चार आठवडे झाले की अंधेरीतल्या आमच्या सोसायटीच्या मागच्या आवारात टाकळा गुडघ्याला लागतो. कोवळा असतो तोवर दोन-चार घरांत त्याची भाजी होते. मग खोडं जून होतात, मधूनमधून हरळी माजते आणि पंपाच्या खोलीतून पेट्रोलवर चालणारं गवताचं मशीन बाहेर निघतं. काही वर्षांपूर्वी असंच ते निघालं आणि माळीकाका दोरी ओढू लागले. दहा वेळा ओढली, वीस वेळा ओढली, मशीन ढिम्म.

शेवटी आम्ही दोघांनी मिळून कार्बोरेटर उघडला. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करून इंजिनला पुरवणारा छोटा भाग. त्याच्या वाटीच्या तळाशी मधासारखा चिकट, हिरवट-तपकिरी थर बसला होता आणि जुन्या वार्निशसारखा वास येत होता. पेट्रोल जिथून वर चढतं ते सुईच्या टोकाएवढं भोक त्या चिकट्याने बुजलं होतं. ते पेट्रोल आदल्या ऑक्टोबरमधलं. म्हणजे पावसात राबून मशीनला काही झालं नव्हतं, आठ महिने नुसतं पडून राहून ते बिघडलं होतं. गवताच्या मशीनची निगा याच एका गोष्टीभोवती फिरते, म्हणून ती आधी सांगितली.

आता निवडीपासून सुरुवात करू. दुकानात गेल्यावर आधी इंजिन किती सीसीचं ते विचारलं जातं. आपण त्याआधी आपलं गवत कसलं आहे ते पाहावं. नीट लावलेली, पायाखाली मऊ लागणारी हिरवळ असेल तर लॉन मोवर हवा, म्हणजे चाकांवर ढकलत न्यायचं, पोटाखाली पातं फिरणारं मशीन. टाकळा, रान, कुंपणाच्या कडेचं उंच गवत असेल तर ब्रश कटर, म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला पातं किंवा नायलॉनची दोरी फिरणारं, खांद्याला अडकवायचं मशीन. बऱ्याच सोसायट्या एकच ब्रश कटर घेतात आणि हिरवळही त्यानेच कापतात. मग कुठे टक्कल, कुठे झुपका राहतो आणि दोष माळ्याला मिळतो.

हिरवळ एखाद्या मोठ्या हॉलएवढीच असेल तर पेट्रोलच्या फंदात पडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हाताने ढकलायचा मोवर किंवा बॅटरीवरचं मशीन तिथे पुरतं आणि आवाजाचा त्रासही वाचतो. जुन्या वसाहतींची मोठी आवारं, शाळा-कॉलेजांची मैदानं, बंगल्यांच्या बागा, जिथे वायर पोचत नाही आणि बॅटरी पुरत नाही, तिथे पेट्रोल खरं उपयोगी.

ब्रश कटरमध्ये टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक असे दोन प्रकार येतात. ज्यांनी चेतक किंवा लुना चालवली आहे त्यांना टू-स्ट्रोक सांगायला नको: पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. ही मशीनं वजनाला हलकी असतात, पण धूर जास्त आणि मिश्रण चुकण्याची भीती कायम. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं राहतं, टाकीत साधं पेट्रोल. मशीन तीन-चार माणसांच्या हातात जाणार असेल तर फोर-स्ट्रोकच घ्यावं. सोसायटीच्या कामाला ३५ सीसीच्या आसपासचं इंजिन भरपूर होतं. ५२ सीसीचं स्वस्त मशीन पाहून मोह होतो, पण तासभर ते खांद्यावर वागवणारा माणूस आपण नसतो.

पैसे देण्याआधी दुकानदाराकडे स्टार्टरची दोरी, कार्बोरेटरची किट आणि एअर फिल्टर हे तीन सुटे भाग मागून पाहावेत. ते समोर ठेवले तर मशीन घ्यावं. ‘मागवून देतो’ म्हणाला तर दुसरं दुकान गाठावं.

आता पेट्रोल. ते प्लास्टिकच्या बाटलीत आणू नये. पंपावर देत नाहीत आणि तेच बरोबर आहे. घट्ट झाकणाचा पत्र्याचा कॅन वापरावा आणि दोन आठवड्यांत संपेल एवढंच आणावं. हा कॅन मीटरच्या खोलीत कधीही ठेवू नये. सोसायट्यांमध्ये ही चूक फार दिसते, कारण कुलूप असलेली रिकामी जागा म्हणून तीच आधी सुचते. पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते, आणि मीटरच्या खोलीत एक ठिणगी पुरेशी आहे.

टू-स्ट्रोकचं मिश्रण करताना पुस्तिकेत लिहिलेलं प्रमाणच पाळावं. ५० ला १ असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल लागतं, ४० ला १ असेल तर २५ मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण यासाठी छान चालतं, मात्र ते पुन्हा औषधाला वापरायचं नाही. मिश्रण कॅनमध्ये करून, हलवून, मग टाकीत ओतावं. आधी टाकीत पेट्रोल आणि वरून अंदाजाने ऑइल, असं केलं की ऑइल तळाशी बसतं. ऑइल कमी पडलं तर पिस्टन घासून जाम होतो आणि दुरुस्तीचा खर्च नव्या मशीनच्या जवळ जातो.

अलीकडे आणखी एक गोष्ट बदलली आहे. आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल म्हणजे उसासारख्या पिकांपासून बनणारं अल्कोहोल. आपल्या साखर कारखान्यांना त्याचा आधार आहे, पण ते हवेतली ओल शोषून घेतं, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा! पाणी पुरेसं साठलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात. पेट्रोल खेचणारी नळीही तळाशीच असते. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल वरच्या थरात राहतं आणि इंजिनला खालचा, ऑइल नसलेला थर जातो. शिवाय जुन्या मशीनच्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात. जुन्या पुस्तिकांमध्ये इथेनॉलची मर्यादा बहुधा १० टक्के दिलेली असते. आपलं मशीन त्यातलं असेल तर नळ्या दर हंगामाला बोटांनी दाबून पाहाव्यात. चिकट किंवा कडक लागल्या तर बदलून टाकाव्यात, महाग नसतात.

मशीन सुरू करताना होणारी चूक जवळपास नेहमी एकच असते, आणि ती चोकपाशी होते. आधी पेट्रोल चढवणारा रबरी फुगा सहा-सात वेळा दाबावा, पारदर्शक नळीत पेट्रोल दिसलं पाहिजे. मग चोक बंद करावा. चोक म्हणजे हवेची वाट अडवणारी झडप, थंड इंजिनला सुरुवातीला पेट्रोल जास्त लागतं म्हणून ती असते. दोरी आधी हळू ओढून जिथे अडते तिथवर आणावी, मग झटक्याने ओढावी. दोन-तीन झटक्यांत एकदा ‘फट’ असा आवाज येऊन इंजिन विझेल. तिथेच चोक उघडायचा. तो ‘फट’ ऐकू आला नाही, किंवा ऐकूनही चोक बंदच ठेवून ओढत राहिलं, की आत पेट्रोल साचतं आणि ठिणगी पाडणारा प्लग भिजतो.

प्लग भिजलाच तर घाबरू नये. पान्याने काढावा, फडक्याने पुसून वाळवावा. चोक उघडा ठेवून, स्विच बंद करून, दोरी पाच-सहा वेळा ओढावी, साचलेलं पेट्रोल बाहेर पडतं. मग प्लग लावावा. तो हातात आलाच आहे तर टोकाचा रंगही पाहावा. फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. काळा आणि तेलकट असेल तर ऑइल जास्त झालंय किंवा फिल्टर तुंबलाय. पांढरट असेल तर पेट्रोल कमी पोचतंय आणि इंजिन जास्त तापतंय, मशीन तसंच रेटू नये.

कापायला उतरण्याआधी आवारात एक फेरी मारावी. खडे, नारळाच्या करवंट्या, तारा, मुलांचे हरवलेले चेंडू, सगळं उचलावं. पात्याने उडालेला खडा गोळीसारखा जातो. आमच्याकडे सुपारीएवढ्या एका खड्याने चौथ्या रांगेतल्या गाडीची मागची काच फुटली होती, तीही लोखंडी पट्टी आड येईल अशा खात्रीने उभी केलेली गाडी. माणसांना १५ मीटर, म्हणजे साधारण ५० फूट, लांब ठेवावं. गाड्या हलवता येत नसतील तर मध्ये हिरवी जाळी किंवा जाड ताडपत्री धरावी. चालवणाऱ्याला चष्मा, कानावर मफ आणि गमबूट हवेतच. गमबूट सापासाठी जितके, तितकेच लेप्टोसाठी, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिससाठी. पावसाच्या डबक्यात भेगाळलेल्या पायांनी उभं राहू नये.

ब्रश कटर उजवीकडून डावीकडे फिरवत न्यावा. बहुतेक मशीनचं पातं वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट फिरतं. पात्याच्या पुढच्या उजव्या भागाला जाड खोड लागलं तर मशीन झटक्याने उलट फेकतं. टाकळ्याच्या जून खोडांना धातूचं पातं लावावं, भिंती आणि पेव्हर ब्लॉकच्या कडेला नायलॉनची दोरी.

नायलॉनची दोरी निरुपद्रवी वाटते, पण झाडांच्या बुंध्याशी ती वैरीण आहे. दर आठवड्याला सालीवर तिचे फटके बसले की गुलमोहर, बदाम ही झाडं बुंध्याभोवती सोलली जातात आणि वर्षा-दोन वर्षांत वाळतात. कोणाला कळत नाही कशाने. नारळाला झालेल्या जखमेत सोंड्या भुंगा शिरतो. म्हणून प्रत्येक झाडाभोवती हातभर वर्तुळ खुरप्याने मोकळं ठेवावं आणि तिथे मशीन नेऊच नये. ही एक गोष्ट माळ्याला आपण स्वतः उभं राहून दाखवावी.

हिरवळीवर मोवर चालवताना एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. पावसात गवत भराभर वाढतं, म्हणून आठ-दहा दिवसांनी थोडं-थोडं कापावं. पावसाने दोन तास उघडीप दिली की मग मशीन काढावं, ओलं गवत पोटाखाली गोळा होऊन पातं अडतं. कापल्यानंतर दुसऱ्या दिवशी गवताच्या पात्यांची टोकं पांढरट दिसली तर मोवरचं ब्लेड बोथट झालंय, ते गवत कापत नाही, ओरबाडतंय.

ब्लेडला हात लावण्याआधी प्लगवरची टोपी काढून बाजूला करावी. ब्लेड हाताने फिरलं तरी इंजिन पेटू शकतं. मोवर आडवा करताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवावी. उलट बाजूने आडवा केला की ऑइल फिल्टरमध्ये उतरतं, मग पांढऱ्या धुराचे लोट निघतात आणि सगळे म्हणतात इंजिन गेलं.

एअर फिल्टर स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवावा, पूर्ण वाळवावा, दोन-चार थेंब ऑइल लावून पिळावा. कागदाचा असेल तर फक्त आपटून झटकावा. फोर-स्ट्रोकचं ऑइल नव्या मशीनला पहिल्या १० तासांनी आणि नंतर साधारण ५० तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलतात. ३५ सीसीच्या इंजिनला ते जेमतेम १०० मिली लागतं, एवढ्याशासाठी टाळाटाळ नको.

मुंबईतून पाऊस साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात परततो. शेवटची कापणी झाली की मशीन झोपवायचं काम त्याच आठवड्यात करावं, दिवाळीच्या गडबडीत ते राहून जातं. टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये ओतून घ्यावं. मग इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावं, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. वाटीला स्क्रू असेल तर तोही सैल करून उरलेले थेंब काढावेत. प्लग काढून भोकात अर्धा चमचा ऑइल घालावं, दोरी दोन-तीनदा हळू ओढावी, प्लग परत लावावा आणि दोरी जिथे अडते तिथे थांबावं. फोर-स्ट्रोकमध्ये तेव्हा आतल्या झडपा बंद असतात आणि ओल शिरत नाही.

वर्सोवा, यारी रोडकडे खारं वारं लोखंड खातं. तिथे दांडा, पातं, स्क्रू ऑइलच्या फडक्याने पुसून ठेवावेत. मशीन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नये, आत ओल कोंडते. जुनी सुती चादर बरी. जमिनीपासून वर, भिंतीवरच्या खुंटीला टांगावं आणि हँडलला एक चिठ्ठी बांधावी: टाकी रिकामी, ऑइल बदललं, तारीख. मे महिन्याच्या शेवटी, मोसमी पाऊस यायच्या आत, ती चिठ्ठी वाचून, ताजं पेट्रोल भरून, दोरी एकदा ओढून पाहावी.