दप्तर या शब्दाचं कातडं

माझ्याकडची वहीची खोळ बारा वर्षांची झाली. तिच्या पोटातून आजवर तीसेक वह्या येऊन गेल्या. वही भरली की काढायची, नवी सरकवायची. नवी होती तेव्हा ती ज्वारीच्या भाकरीसारखी फिकट होती. तळहाताचं तेल पीत, सोलापूर-अक्कलकोट एसटीच्या खिडकीतलं ऊन खात ती आज जुन्या गुळाच्या रंगाची झाली आहे. उजवा अंगठा टेकतो तिथे तर जवळजवळ काळी.

ती अक्कलकोटातल्या एका चर्मकार अण्णांनी शिवली. त्यांचा धंदा चपलांचा. मी वही पुढे केली तेव्हा त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “वहीला कातडं कशाला ओ ताई?” या प्रश्नाचं उत्तर शोधत मी पुढे बरीच वर्षं फिरले.

अक्कलकोट हे पोथ्यांचं गाव आहे. स्वामी समर्थ 1856 मध्ये इथे आले, 1878 मध्ये समाधिस्थ झाले. वटवृक्ष मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एकवीस अध्यायांचं सारामृत, आरत्यांची पुस्तकं आणि नामजप लिहायच्या वह्या आजही ढिगानं विकल्या जातात. त्यांची वेष्टनं प्लास्टिकची, रेक्झिनची, फार तर कापडाची. त्याच वेळी कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जो भौगोलिक निर्देशांक मिळाला, त्यातल्या आठ जिल्ह्यांत सोलापूरही आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. कातडं शिवणारे हात इथे आणि लिहिणारेही इथेच. त्यांची गाठ वहीवर का पडली नाही?

आधी खोळ कशी होते ते सांगते, कारण तिची किंमत तिथेच कळते. शाळेच्या वहीपेक्षा थोड्या लहान, ए-फाइव्ह आकाराच्या वहीसाठी उघडी खोळ साधारण 31 सेंटिमीटर लांब आणि 22 सेंटिमीटर रुंद लागते. वहीचे पुठ्ठे अडकवायला दोन्हीकडे सहा-सहा सेंटिमीटरचे खिसे आत दुमडायचे. म्हणजे सुमारे एक चौरस फूट कातडं, वाया जाणारं धरून सव्वा. पण ते कुठलंही चालत नाही. चपलेच्या तळाचं म्हशीचं कातडं जाड आणि ताठ. त्याची खोळ केली तर वही दारासारखी उघडते आणि दारासारखीच मिटते. वहीला दीड ते दोन मिलिमीटरचं लागतं, दुमडलं तरी न तडकणारं. दुमडीच्या जागी तेही रापीनं आतून तासून पातळ करावं लागतं. हे तासणं मला सगळ्यात अवघड वाटलं. रापी केसभर खोल गेली की कातडं फुकट.

मग शिवण. अण्णा आधी आरीनं भोकं पाडत गेले आणि नंतर मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी एकेक सुई नेत टाका ओढत गेले. चार मिलिमीटरला एक टाका धरला तर दोन खिशांचे मिळून 60 च्या आसपास टाके होतात. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेला असतो. एक टाका तुटला की शेजारचे सुटू लागतात. दोन सुयांच्या शिवणीत एक धागा झिजून तुटला तरी दुसरा त्याच भोकातून धरून राहतो. बारा वर्षांत माझ्या खोळीचे दोन टाके तुटले आहेत, शिवण उसवलेली नाही. हातानं शिवलेलं म्हणून जास्त पैसे का द्यायचे, असं कुणी विचारलं तर मी ती जागा दाखवते.

काम चालू असताना अण्णांच्या बाजूला एक वही पडलेली होती. शाळेची, शंभर पानी, कोपरे कुरतडलेली, वर दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक. तीत गिऱ्हाइकांचे पाय होते. पान जमिनीवर ठेवून त्यावर पाय ठेवायला सांगायचा, पेन्सिल भोवती फिरवायची, आत नाव आणि तारीख लिहायची. नावं मराठी माणसांची, अक्षर कानडी. अक्कलकोट तालुक्यात असं सर्रास चालतं.

आता त्या प्रश्नाकडे. आपल्याकडे पोथीची पानं सुटी असायची. वर-खाली लाकडी फळ्या आणि भोवती कापडाचं बासन. कातड्याचा तिला स्पर्श नाही, कारण मेलेल्या जनावराचं कातडं अशुद्ध. पण हे शुद्धतेचं गणित सरळ नाही. जपाला बसायचं आसन मृगाजिनाचं चालतं. ज्या पखवाजाच्या साथीनं देवाचं नाव घ्यायचं, त्याची पुडी कातड्याचीच असते. कातडं देवळात पोचलं. ते सोलणारा, कमावणारा, शिवणारा माणूस मात्र पायरीपाशी थांबवला गेला. माझ्या मते अडचण वस्तूची नव्हतीच, ती माणसाची होती. आणि वही तर लिहिण्याची गोष्ट. लिहिणं ज्यांनी आपल्याकडे राखून ठेवलं, त्यांनी त्या दोन हातांची भेट होऊ दिली नाही.

पोथीहून वेगळं होतं ते बाड. शिवलेली, बांधलेली, हाताळायची वही. अभंग, पदं, हिशेब, औषधांचे नुस्खे, काय वाटेल ते त्यात. मराठी संतांची वाणी मोठ्या प्रमाणात अशा बाडांतून टिकली. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे जातीनं तेली होते आणि त्यांच्या वह्या आजही जपलेल्या आहेत.

सोलापूर जिल्ह्यातलंच मंगळवेढा घ्या. चोखामेळा तिथला. मेलेली जनावरं ओढणं हे त्याच्या वाट्याला आलेलं काम. 1338 मध्ये गावकुसाची भिंत कोसळून तो तिच्याखाली गेला. परंपरा सांगते की त्याचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणानं लिहून घेतले. कातड्याशी जन्मभर बांधलेल्या माणसाचे शब्द कागदावर यायला दुसऱ्याचा हात लागला, हे वाचताना मी दर वेळी थांबते.

अक्कलकोटच्या पूर्वेला, आता बिदर जिल्ह्यात, बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या शरणांमध्ये, म्हणजे अनुयायांमध्ये, हरळय्या हा चांभार होता आणि कक्कय्या हा ढोर, म्हणजे कातडं कमावणारा. हरळय्याची गोष्ट आमच्या भागात घरोघरी माहीत आहे. बसवेश्वरांनी त्याच्या एका नमस्काराला दोन नमस्कारांनी उत्तर दिलं. ते ऋण फेडायला त्यानं आणि त्याच्या बायकोनं स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे केले. त्याच्या मुलाचं मधुवरस या ब्राह्मणाच्या मुलीशी लग्न झालं आणि बिज्जळ राजाच्या दरबारानं दोन्ही बापांना क्रूर शिक्षा दिली. त्यानंतर शरण पांगले. कक्कय्याची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. परंपरेनुसार वचनांच्या, म्हणजे शरणांच्या उक्तींच्या, ताडपत्रांसह निघालेल्या शरणांचं पाठलागावरच्या सैन्यापासून रक्षण करताना तो बेळगाव भागातल्या कक्केरी इथे पडला. त्याच्या नावावर वचनंही आहेत. कातडं कमावणाऱ्यानं ग्रंथ वाचवण्यासाठी जीव दिला अशी आठवण ज्या भागानं जपली, तिथे ग्रंथाला कातडं वर्ज्य का, या प्रश्नाचं वजन आणखी वाढतं. आजही ढोर समाजातले कितीतरी लोक स्वतःला कक्कय्याचे म्हणवतात.

असं नाही की दख्खनला कातडी बांधणी ठाऊकच नव्हती. सोलापुरापासून शंभरेक किलोमीटरवर विजापूर. आदिलशाहीत तिथे फारसी-अरबी हस्तलिखितांना कातड्याची जिल्द असे. पुठ्ठ्यावर बकऱ्याचं कातडं, धातूचे ठसे तापवून दाबलेली नक्षी, त्यावर सोनेरी वर्ख आणि पुस्तकाच्या उघड्या कडेवर दुमडून येणारी एक जादा पाकळी. अरबीत तिला जीभ म्हणतात. असर महालात राहिलेला तो संग्रह, चारशेहून अधिक ग्रंथ, 1853 मध्ये मुंबई सरकारमार्फत लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या ग्रंथालयात गेला. आज तो ब्रिटिश लायब्ररीत आहे. जिल्द हा शब्द मराठीत राहिला, ती कला मात्र मराठी घरात उतरली नाही.

मला सगळ्यात जास्त हलवून गेला तो दुसराच शब्द. दप्तर. शाळेचं दप्तर, पेशवे दप्तर, दप्तरदार. हा शब्द फारसीतून आला आणि फारसीत तो मुळात ग्रीक ‘दिफ्थेरा’वरून. दिफ्थेरा म्हणजे कमावलेलं कातडं. हिरोडोटसनं लिहून ठेवलं आहे की आयोनियातले ग्रीक कागदासारख्या पपायरसच्या गुंडाळ्यांनाही कातडीच म्हणत, कारण पूर्वी ते मेंढ्या-बकऱ्यांच्या कातड्यावर लिहीत. म्हणजे पाचवीतलं पोर खांद्याला दप्तर लावून निघतं तेव्हा त्या शब्दात अडीच हजार वर्षांचं कातडं असतं. अण्णांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे आमचंच की.”

त्यांचं काम गेल्या पन्नास-साठ वर्षांत आटत गेलं. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 च्या ‘गावगाडा’त बलुतेदारांचं जे चित्र आहे, त्यात कातड्याशिवाय शेत चालत नाही. मोट कातड्याची, आसूड, वाद्या, जुंपण्या कातड्याच्या, पाणी वाहायची पखाल कातड्याची. संस्थानिकांच्या शस्त्रागारात ढाल कातड्याची आणि म्यानाच्या लाकडावर मढवलेलंही तेच. अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार पाहताना माझी नजर आता पात्यांपेक्षा म्यानांवर जास्त रेंगाळते. विहिरीवर इंजिन आणि मग विजेचा पंप आला, मोट गेली. प्लास्टिकची चप्पल आली. 1974 पासून चर्मोद्योगासाठी राज्याचं महामंडळ आहे, त्याला संत रोहिदासांचं नाव आहे. पण गावातल्या एकट्या कारागिरापाशी उरलं ते मुख्यतः दुरुस्तीचं काम. 2015 च्या कायद्यानं बैलांच्या कत्तलीवर बंदी आल्यावर कच्चा मालही महागला आणि लांबून येऊ लागला.

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन प्रदर्शनात प्राडाच्या मॉडेलांच्या पायांत कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि सुरुवातीला त्यांच्या मुळाचं नाव घेतलं गेलं नाही, तेव्हा महाराष्ट्र रागावला. तो राग योग्यच होता. पण आपल्या बाजारातल्या किती चामडी वस्तूंवर शिवणाऱ्याचं नाव असतं?

बंगालमध्ये वेगळं घडलं. शांतिनिकेतनची चर्मकला रथींद्रनाथ टागोरांनी तिथे रुजवली. बकऱ्या-मेंढ्यांच्या कातड्यावर ठसे आणि रंग, त्याच्या पिशव्या, पाकिटं, वह्यांची वेष्टनं. सुशिक्षित घरांनी ती बैठकीच्या खोलीत आणली. कला तीच, कातडंही तसंच. आपल्याकडे ते पायाच्या वर चढलं नाही इतकाच फरक.

खोळ घेणाऱ्याला माझा एक सल्ला आहे: कातडं कशानं कमावलंय ते विचारा. आजचं जगातलं बहुतेक कातडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झनं 1884 मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. कापलेली कड निळसर-करडी दिसली तर बहुधा ते. तपकिरी दिसली तर वनस्पतीचं. कोल्हापुरी पद्धतीत चुन्यानं केस काढलेलं कातडं पिशवीसारखं शिवून टांगतात आणि त्यात बाभळीची साल व हिरड्याचं पाणी भरतात. ते पाणी रंध्रारंध्रांतून पाझरत कातड्यातल्या तंतूंना बांधून टाकतं. हात आणि ऊन लागून रंग गडद होत जातो तो मुख्यतः अशाच कातड्याचा.

पण वनस्पतीचं कातडं कायम टिकतं, हा समज मी स्वतः सोडून दिला आहे. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सनं 1900 मध्ये पुस्तकबांधणीच्या कातड्यांची तपासणी करायला समिती नेमली, कारण ग्रंथालयांतल्या जिल्दी लाल भुकटी होऊन झडत होत्या. कोळशाच्या आणि गॅसच्या धुरातलं गंधकाचं आम्ल त्यात मुरत होतं. समितीनं ज्यांना वाईट ठरवलं त्यांत हिंदुस्थानातून जाणारं, तरवडाच्या सालीनं कमावलेलं कातडं होतं. तोच आपल्या माळावरचा पिवळ्या फुलांचा तरवड. भूमध्य समुद्राकाठच्या सुमाकाच्या पानांनी कमावलेलं सगळ्यात चांगलं ठरलं. त्याच्याच रासायनिक कुळातला आपला हिरडा, जो जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतून महादेव कोळी आजही गोळा करतात आणि जो एकेकाळी मुंबई बंदरातून जगभर जायचा. चपलेला शंभर वर्षं जगायचं नसतं, वहीच्या खोळीनं जगावं असं मला वाटतं. म्हणून वहीसाठी कमावताना हिरड्याचं प्रमाण वाढवून पाहायला हवं. कोल्हापूर-सोलापूरच्या पट्ट्यात कुणी हे नीट करून पाहिलं तर मी पहिली गिऱ्हाईक असेन.

मागच्या दिवाळीच्या आधी खोळीचे ते दोन टाके भरून घ्यायला गेले. अण्णांनी खोळ उन्हाकडे धरली, दुमडीवर अंगठा फिरवला, थोडं तेल चोळलं. टाके भरण्याचे पैसे घेतले नाहीत. बाजूला पायांची वही होती. नवी वही, त्याच जागी. तिच्यावर प्लास्टिक नव्हतं. एवढा मोठा तुकडा मिळाला नसावा, कारण दोन वेगळ्या रंगांचे तुकडे मधोमध, बरोबर कण्यावर, दोन सुयांच्या टाक्यांनी जोडलेले होते. एक तुकडा गडद होता. दुसरा ज्वारीच्या भाकरीसारखा फिकट.