आकाश पाहणें आणि जाणणें

अमावास्येच्या निरभ्र रात्रीं जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपठारावरून आकाशगंगेचा पट्टा स्पष्ट दिसतो. मुंबई-पुण्याच्या दिव्यांत तो लोपला आहे. आकाश पाहावयास शुल्क लागत नाहीं, कीं पदवी लागत नाहीं. परंतु पाहणें वेगळें आणि जाणणें वेगळें. एकट्यानें पाहिलेलें त्याच्याबरोबरच लयास जातें. त्याची नोंद व्हावी, जाणत्यांनीं ती पारखावी आणि मग ती जगापुढें यावी, याकरितां संस्था लागते.

याचें बोलकें उदाहरण व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) यांचें. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांतील हे शिक्षक. हाताशीं वेधशाळा नसतां, नेपच्यूनपलीकडे आणखी दोन ग्रह असावेत, असें त्यांनीं गणितानें मांडिलें. तें अनुमान १९११ मध्यें फ्रान्सच्या ज्योतिषमंडळानें आपल्या पत्रिकेंत छापिलें. कामीय फ्लामारियाँ यांनीं १८८७ मध्यें स्थापिलेल्या या मंडळांत हौशी निरीक्षकांनाही मुक्तद्वार होतें. केतकरांनीं एका ग्रहास 'ब्रह्मा' हें नांव देऊन त्याचा प्रदक्षिणाकाल सुमारें २४२ वर्षें ठरविला होता. १९३० मध्यें सांपडलेल्या प्लूटोचा काल सुमारें २४८ वर्षें भरला. दुसरा ग्रह 'विष्णु' मात्र आढळला नाहीं, आणि २००६ पासून प्लूटोचीही गणना ग्रहांत होत नाहीं. तरीही अनुमान कोठें जुळलें व कोठें चुकलें हें आज सांगतां येतें, तें वेळींच छापलें गेलें म्हणूनच. शास्त्रांत मान्यता म्हणजे हारतुरे नव्हेत. परीक्षेस उभें राहण्याची संधि होय.

केतकरांच्या हयातीनंतर, २२ ऑगस्ट १९४४ रोजीं पुण्यांत ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी निरीक्षकांची ही भारतांतील सर्वांत जुनी संस्था. व्याख्यानें आणि आकाशदर्शन यांच्या द्वारें तिनें सामान्य माणसाला दुर्बिणीपाशीं आणिलें.

दुर्बीण नसली तरी आरंभ अडत नाहीं. ययाति समूहांतील एक रूपविकारी तारा सुमारें २ दिवस २१ तासांनीं मंदावतो, कारण त्याचा मंद सोबती त्याच्या आड येतो. शेजारच्या ताऱ्यांशीं तुलना करून, दिनांक व वेळ लिहून, हा फरक नुसत्या डोळ्यांनीं टिपतां येतो. जव्हारच्या शाळकरी मुलाला एवढें सहज साधेल. मात्र त्याची वही तपासणारा कोणी तरी हवा. त्या मुलापाशीं काळोखें आकाश आहे, शहरांतील संस्थांपाशीं पद्धति आहे. दोहोंची गांठ घालून देणें हें शहरांतील सुशिक्षितांचें काम.